कौल

‘बीडचा कौल कुणाला?’ निवडणूक आली की हा मथळा ठरलेला. शब्द मूळचा अरबी. क़ौल म्हणजे बोलणे, दिलेला शब्द. (छपरावरचे कौल वेगळे.) फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या दफ्तरांत शिरला. ओस गावी परतणाऱ्या रयतेला सरकार कौल देई: पहिली काही वर्षे सारा कमी, पुढे चढता. रयत तेव्हा कौल देणारी नव्हती, घेणारी होती. कोकणात तो देवाच्या हाती गेला; मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की होकार. 16 जानेवारी 1967ला गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे (फूल) की नाही (दोन पाने) हे ठरवले, तो जनमत कौल.

अमेरिकेत ऑरेगनच्या नागरिकांना सह्या जमवून एखादा प्रश्न अशा कौलासाठी थेट मतपत्रिकेवर नेण्याचा हक्क 1902 साली मिळाला. बीडच्या बायांनाही तो आहे, पण दारूच्या दुकानापुरताच. राज्य सरकारच्या 2008च्या आदेशानुसार पाव महिला मतदारांनी सह्या करायच्या, मग गुप्त मतदान: उभी बाटली की आडवी, म्हणजे दुकान चालू की बंद? मेख पुढे आहे. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते आडवीला हवीत. म्हणजे कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली बाई मत न देताही उभ्या बाटलीच्याच पारड्यात.