एका अक्षराचे रण

'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे सारथी. ऱ्हस्व-दीर्घाचा एवढासा फेर, पण अर्थ कुठल्या कुठे जातो! ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात अशाच एका इवल्या अक्षराने मोठे रण माजविले. वाद होता त्रैक्याचा.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावे ऐकली की आपल्याला ब्रह्मा-विष्णू-महेश आठवतात. पण उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी येथे नाही. देव एकच, हा यहुदी धर्माचा वारसा ख्रिस्ती लोकांना प्राणापलीकडे प्रिय होता. आणि प्रार्थना तर ते येशूचीही करीत. मग हा येशू कोण?

इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीतील अरियस या धर्मगुरूने उत्तर दिले: पुत्र कितीही थोर असला, तरी तो पित्याने निर्माण केलेला. उत्तर सुटसुटीत होते; पुष्कळांना पटलेही. तेथलाच अथानासियस मात्र विचारी: मग त्याची पूजा म्हणजे निर्मात्याला सोडून निर्मितीची पूजा नव्हे काय? आणि जो स्वतःच निर्मिलेला, तो इतरांना देवाशी कसा जोडणार?

इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने निकाया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिकला, धर्माध्यक्षांची परिषद भरविली. तिने ग्रीक शब्द निवडला 'होमोऊसिओस', म्हणजे पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. अरियस हद्दपार झाला. पण वाद काही हद्दपार झाला नाही! सम्राट बदलत, वारे फिरत. पुढे अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष झालेल्या अथानासियसला पाच वेळा परागंदा व्हावे लागले. आयुष्याची सुमारे सतरा वर्षे त्यात गेली.

दरम्यान काही मवाळ मंडळींनी दुसरा शब्द पुढे केला, 'होमोइऊसिओस', म्हणजे सदृशतत्त्व. फरक 'आयोटा' या एका चिमुकल्या अक्षराचा! अथानासियसने आपला शब्द सोडला नाही. पण या मंडळींना शत्रू न मानता भाऊ मानले. इ. स. ३६२ मध्ये त्याने अलेक्झांड्रियात सभा घेतली. देवाविषयी कोणी 'एक' म्हणे, कोणी 'तीन'. दोन्ही पक्षांना विचारण्यात आले, "या शब्दाने तुम्हांला काय म्हणावयाचे आहे?" तेव्हा उमगले, की तीन म्हणणारे तीन देव मानीत नव्हते आणि एक म्हणणारे पुत्राला पुसून टाकीत नव्हते.

पुढे बेसिल आणि दोन ग्रेगरी यांनी ही उकल शब्दांत नेमकी बसविली: तत्त्व एक, व्यक्ती तीन. एकाच नटाने घेतलेली तीन सोंगे नव्हेत, की एका देवाचे तीन तुकडेही नव्हेत. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्यासह हा विश्वास पक्का केला.

निकायाच्या परिषदेला २०२५ मध्ये सतराशे वर्षे झाली. तिच्या नावाचा श्रद्धेचा अंगीकार आजही जगभर म्हटला जातो. आपल्या वसईत तर मराठीतून. त्यातील एकेका शब्दामागे हद्दपारीची वर्षे आहेत, आणि प्रतिपक्षाला "तुमचा अर्थ काय?" असे शांतपणे विचारण्याचे मोठेपणही आहे.