हरवलेला रू आणि दुरुस्तीची मर्यादा

जुने खेळणे दुरुस्त करताना नेमके काय पूर्ववत करायचे?

लेखक ए. ए. मिल्न यांच्या मुलाला, ख्रिस्तोफर रॉबिनला, १९२१ साली पहिल्या वाढदिवशी लंडनच्या हॅरॉड्समधले एक अस्वल मिळाले. १९२६ च्या पुस्तकातला विनी-द-पू तो हाच. (गंमत अशी की, शेपर्ड यांनी चित्रांसाठी नमुना घेतला तो स्वतःच्या मुलाच्या अस्वलाचा!) पू, ईयोर, पिगलेट, कांगा आणि टिगर ही मूळ खेळणी १९८७ पासून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहेत.

वर्षभराहून अधिक काळ चाललेल्या संवर्धनानंतर ती ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा प्रदर्शनात आली. बसलेले भरण सावरले गेले, तरी झिजलेली लव मात्र झिजलेलीच दिसते. माझ्या मते हेच योग्य. ती झीज म्हणजे एका मुलाच्या मिठ्यांचा दस्तऐवज. मोडी कागदावरची फिकट शाई कुणी नव्याने गिरवत नाही.

कांगाचे पिल्लू रू १९३० च्या दशकात एका सफरचंदाच्या बागेत हरवले. त्याची प्रतिकृती शिवणे अवघड नव्हे. पण तिला कुणी कधी बागेत नेलेले नसेल. संचात आजही मूळची पाचच खेळणी आहेत.