फर्ग्युसन कॉलेजाची खरी मिळकत

एखाद्या विद्यालयाची थोरवी सांगावयाची म्हणजे त्याच्या नामांकित विद्यार्थ्यांची नामावळी वाचावयाची, असा प्रघात पडला आहे. परंतु अशी नामावळी कोणत्याही जुन्या विद्यालयास सिद्ध करता येते. मोठे झालेल्यांपैकी परत कोण आले, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजाचा पूर्वेतिहास त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली व १८८५ च्या जानेवारीत हे कॉलेज सुरू झाले. आजीव सभासदाने अल्प वेतनावर २० वर्षे शिकवावे, असा तिचा दंडक होता. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे वेतन महिना ७५ रुपये होते. पुढे दिवस कठीण आले. १८९० साली मतभेदांमुळे टिळक सोसायटीबाहेर पडले. पहिले प्राचार्य, कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ साली वारले; त्यांच्या जागी आलेले आगरकर १८९५ साली गेले. दोघांनीही चाळिशी गाठली नव्हती.

तरीही परंपरा तुटली नाही. टिळकांनी सोडलेला गणिताचा वर्ग धोंडो केशव कर्वे १८९१ पासून चालवू लागले. त्यांनीच पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. ह्याच कॉलेजाचे विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. त्या काळी अशा मनुष्यास मोठ्या पगाराची जागा दुर्लभ नव्हती. ते मात्र आपल्या कॉलेजात शिकवावयास परतले व १९०२ साली प्राचार्य झाले. त्यांच्याच घरी वाढलेल्या इरावती कर्वे १९२६ साली येथून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. ‘युगान्त’ ही त्यांचीच कृती.

ह्या चित्रास दुसरी बाजू नाही असे नव्हे. १९०५ साली परदेशी कापडाची होळी केल्याबद्दल विनायक दामोदर सावरकर ह्यांस वसतिगृहातून काढण्यात आले व दंडही झाला. तेव्हा प्राचार्य परांजपेच होते. आज सावरकरांची तीच खोली जपून ठेवलेली आहे. विद्यालये आपल्या विद्यार्थ्यांचे मोल पुष्कळदा उशिरा जाणतात, ते असे.

म्हणून नामावळीत कोणाचे नाव पहिले, ह्या वादात आम्हांस स्वारस्य नाही. विद्यार्थ्याचा नावलौकिक हा त्याच्या बुद्धीचा असतो. तो नावलौकिक घेऊन पुन्हा खडू हाती धरावा असे त्यास वाटले, तर ते श्रेय विद्यालयाचे. अशी माणसे आज किती परततात, हे ज्याचे त्याने आपल्या विद्यालयाकडे पाहून ठरवावे.