देशमुख, गणपतराव
(१० ऑगस्ट १९२६–३० जुलै २०२१). महाराष्ट्रातील शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते व विधानसभा सदस्य. जन्म सोलापूर जिल्ह्यातील पेनूर (ता. मोहोळ) येथे. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली केली व शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील लढ्यांतून ते राजकारणात आले.

सांगोला मतदारसंघातून ते १९६२ मध्ये प्रथम निवडून आले. १९७२ व १९९५ मधील पराभव वगळता २०१९ पर्यंत ही जागा त्यांच्याकडेच राहिली. एकाच पक्षातर्फे, एकाच मतदारसंघातून ते ११ वेळा आमदार झाले. १९७८ मध्ये शरद पवार यांच्या व १९९९ मध्ये विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळांत ते होते. एरवी त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली.

दुष्काळी भागाला कृष्णेचे पाणी मिळावे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होय. नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून ही मागणी लावून धरली. सांगोल्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभारली. एस.टी.ने प्रवास करणारे, साधी राहणी जपणारे आमदार म्हणून ते ओळखले जात. २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. सोलापूर येथे त्यांचे निधन झाले.