४०० मीटरच्या पुढे

स्मरणिकेसाठी मला सॉफ्टवेअरमधल्या प्रवासावर लिहायला सांगितलं होतं. पण गेली काही वर्षं मी पहाटे पळते, रविवारी सायकलवर लांब जाते, आणि या छंदाचा इतिहास वाचताना जे हाती लागलं तेच तुम्हाला सांगावंसं वाटतं.

मॅरेथॉन म्हणजे आयटीवाल्यांचं नवं फॅड, असं नातेवाईक म्हणतात. पण १९२० सालीच मुंबई इलाख्यातले दोन धावपटू अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले : बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये शेतकरी घरातली मुलं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या आहेत हे त्यांनी ओळखलं, संघ पाठवायचं मनावर घेतलं आणि पदरचे पैसेही घातले. अँटवर्पचं अंतर होतं ४२ किलोमीटर ७५० मीटर. साधारण यवतमाळहून दारव्ह्याला पळत जाण्यासारखं! चौगुले २ तास ५१ मिनिटांच्या आत पोहोचले, १९ वे आले. दातारांची शर्यत पूर्ण झाली नाही. मला का कोण जाणे, त्यांच्याबद्दलच जास्त कुतूहल वाटतं. बोटीने एवढं लांब जायचं आणि वाटेत थांबावं लागायचं!

बायकांची गोष्ट वेगळी आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्या पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी मैदानात आडव्या झाल्या. पुरुषही होतात. पण वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि ऑलिंपिकमधली त्यांची ही शर्यत थेट १९६० मध्ये परत आली. मॅरेथॉनसाठी १९८४ उजाडावं लागलं. तेव्हा आपण बालवाडीच्या वयाचे होतो. आता आपलं क्रीडासंमेलन आठवा. मुलांना १५०० मीटर, मुलींना जास्तीत जास्त ४००. आणि त्याच मुलींपैकी कितीतरी जणी खेड्यावरून आठ-दहा किलोमीटर सायकल मारत शाळेत यायच्या, घरी जाऊन पाणी भरायच्या. तेव्हा त्यांच्या दमाची काळजी कुणाला वाटत नव्हती.

मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लता करे साठी ओलांडल्यावर घरच्या गरजेपोटी बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांनी कुठे सराव केला असेल? शेतमजुरी हाच सराव. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’त एकट्याने सायकलवर सुमारे ४,८०० किलोमीटर गेले, १२ दिवसांच्या मुदतीच्या आत. तो विक्रम मोठाच; पण माझ्या मनात घर केलंय ते लताबाईंच्या पायांनी.

माझ्या तयारीत विशेष काही नाही. सुरुवात दोन किलोमीटर चालत-पळत, मग दर आठवड्याला थोडी वाढ, आणि रविवारी एकच लांब पल्ला, मुद्दाम संथ. तीसेक किलोमीटरनंतर शरीरात साठवलेली साखर संपत येते. तेव्हा डोक्यात कोड नसतो, मीटिंग नसते. पुढचा विजेचा खांब तेवढा दिसतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बाईला याची किती गरज असते, ते मला चाळिशीत कळलं.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता आपल्या मैदानावर मुलींसाठी ८०० मीटर ठेवली आहे. मुली म्हणजे आपणच. बूट नसले तरी चालेल, साडीत आलात तरी चालेल.