बिरसी परिसरातील प्रशिक्षण-विमान अपघात

गोंदियाजवळच्या बिरसी येथील धावपट्टीवरून उडणाऱ्या छोट्या प्रशिक्षण-विमानांना झालेले अपघात. ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ब्रिटिशांनी बांधली. पुढे भारतीय विमानपत्तन प्राधिकरण आणि कॅनडातील सीएई कंपनी यांच्या भागीदारीतील वैमानिक-प्रशिक्षण संस्था येथे सुरू झाली. फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीनेही येथून उड्डाणे केली.

वैनगंगा, २०१७ : २६ एप्रिल रोजी सकाळी बिरसीहून निघालेले विमान वैनगंगेवर दोन तीरांदरम्यान ताणलेल्या तारेला धडकून कोसळले. प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघेही मृत्यू पावले. नदी ही दोन राज्यांची हद्द असल्याने घटनास्थळ कुठे गोंदिया, तर कुठे बालाघाट जिल्ह्यात दाखवलेले आढळते.

वरून पाहताना तार पाण्याच्या वा झाडीच्या रंगात विरून जाते. दिसतात ते तिचे खांब. म्हणून कमी उंचीवर तार शोधत बसू नये, खांब हेरावेत आणि ओलांडायचे ते खांबाच्या माथ्यावरून, हे शिकाऊ वैमानिकाच्या अंगवळणी पडलेच पाहिजे.

दोन विमानांची टक्कर : अशा अपघातातही नजर तारेच्या बाबतीत फसते तशीच फसते. टकरीच्या मार्गावर असलेले दुसरे विमान काचेत सरकत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखे राहते आणि शेवटच्या काही सेकंदांत झपाट्याने मोठे होते. डोळा मात्र हलणारी वस्तू आधी टिपतो. समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळावे. मार्ग एकमेकांना छेदत असल्यास ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान असेल, त्याने वाट द्यावी, असा नियम आहे. चरखी दादरी येथे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दोन मोठ्या विमानांच्या टकरीत ३४९ जण दगावले. त्यानंतर भारतात मोठ्या विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. छोट्या विमानांची भिस्त अजूनही मुख्यतः डोळे आणि रेडिओ यांवर आहे. एकाच धावपट्टीभोवती अनेक शिकाऊ वैमानिक फेऱ्या मारत असताना प्रत्येकाने आपली जागा व उंची रेडिओवर स्पष्ट सांगणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

बालाघाट, २०२३ : १८ मार्च रोजी बिरसीहून निघालेले उडान अकादमीचे विमान डोंगराळ जंगलात कोसळले, दोन मृत्यू.