पाठीवर कौले असलेला डायनासोर

कोकणातील कौलारू घर ज्याने पाहिले आहे, त्याला ‘स्टेगोसॉरस’ या नावाचा अर्थ चटकन उमगेल. छप्पर असलेला सरडा, असा हा ग्रीक शब्द. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ ओथनियल चार्ल्स मार्श यांनी १८७७ मध्ये कोलोरॅडोतील अवशेषांना हे नाव दिले. या प्राण्याच्या पाठीवरील हाडांचे फलक कौलांप्रमाणे आडवे रचलेले असावेत, अशी त्यांची समजूत होती. पुढे ती चुकीची ठरली. फलक उभे होते. नाव मात्र टिकले.

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक कालखंडाच्या अखेरीस, हा शाकाहारी प्राणी वावरत होता. लांबी नऊ मीटरपर्यंत. मेंदू मात्र अवघ्या ८० ग्रॅमच्या आसपास. गवत तेव्हा पृथ्वीवर नव्हते. नेचे, सायकससारख्या जमिनीलगतच्या वनस्पतींवर त्याची गुजराण होत असे. पाठीवरील फलक पातळ असल्याने चिलखत म्हणून त्यांचा फारसा उपयोग नसावा. त्यांवर रक्तवाहिन्यांच्या खुणा आढळतात, त्यामुळे शरीराचे तापमान राखणे किंवा जोडीदारावर छाप पाडणे हे त्यांचे काम असावे, असे मानले जाते. खरे शस्त्र शेपटीच्या टोकाला होते. तेथील चार काट्यांपैकी एकाने भोसकल्याची खूण अॅलोसॉरस या मांसभक्षकाच्या मणक्यावर सापडली आहे.

असा सापळा आपल्याकडे मिळेल का? सिंधुदुर्गात ती आशा नको. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, सड्यांवरचा जांभा त्याहून अलीकडचा, तर मालवण परिसरातील प्राचीन खडक डायनासोरांच्याही कितीतरी आधीचे. मधली पानेच या पोथीत नाहीत.

ज्युरासिक काळाचे थर पूर्वेकडे, गडचिरोलीला लागून असलेल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात आहेत. तेथील ‘बारापासॉरस टागोराय’चे नामकरण १९७५ मध्ये झाले, त्याचा सापळा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. तोही शाकाहारीच, पण लांब मानेचा आणि फलकांविना.

फलकधारी डायनासोरचा भारतीय दावा तामिळनाडूतील अरियलूर भागातून आला. पी. यादगिरी आणि के. अय्यासामी यांनी १९७९ मध्ये ‘द्रविडोसॉरस’ जाहीर केला. तो ज्युरासिकनंतरच्या क्रिटेशस काळातील. म्हणजे दावा खरा असल्यास स्टेगोसॉरसचे भाऊबंद भारतात कोट्यवधी वर्षे अधिक तगले, असा त्याचा अर्थ. मात्र हे अवशेष सागरी थरांतील. शंकर चटर्जी आणि धीरज रुद्र यांनी १९९६ मध्ये ते प्लेसिओसॉर या समुद्री सरीसृपाचे असल्याचे मत मांडले, आणि तेव्हापासून द्रविडोसॉरसची ओळख वादात सापडली आहे.